कपाळातला राखणदार

कान्यशायच्या पोटात वर्षभर निखारा होता आणि तिच्या घोडीचं दूध त्या धगीनेच फाटायचं, असं नारीनच्या डोंगरकुरणांत आजही सांगतात.

निखारा पेटवला दोत्कुल शाहिराने. एका उन्हाळ्यात तो तिच्या तंबूत पाहुणा म्हणून राहिला. घोड्या दोहताना ती ओळी पुटपुटायची. त्या त्याने आडून ऐकल्या आणि जत्रेतल्या सवाल-जवाबात तिच्याआधी गाऊन टाकल्या. मग तिने त्याच गायल्या, तेव्हा लोकांनी तिलाच चोर ठरवलं. बोलणार काय? सवाल-जवाबात ओळ तिथल्या तिथे सुचावी लागते. 'त्या माझ्या' म्हटलं की घोकून आल्याची कबुलीच. तिने तोंड दाबून बुक्क्यांचा मार सोसला. त्यानंतर तिला लग्नातही कुणी गायला बोलावेना.

पुढच्या उन्हाळ्यात राजधानी बिश्केकहून मेरीम नावाची मेंदूची डॉक्टरीण आली. तारांची टोपी चढवली की तिच्या पडद्यावर मेंदू दिसायचा. ती सांगायची, कपाळामागे एक राखणदार असतो, शब्द तोलूनमापून बाहेर सोडणारा. घोकलेलं म्हणताना तो टक्क जागा, पडदा तांबडा. नवं सुचू लागलं की तो पेंगतो, पडदा निळा. कान्यशायने मटण वाढता वाढता तिला पटवलं, की जत्रेत दोघांनाही टोप्या घालाव्यात आणि पडदा साऱ्यांना दिसेल असा ठेवावा. मग रोज घोड्या दोहताना ती मुद्दाम मोठ्याने ओळी म्हणू लागली. शेजारच्या कुरणात दोत्कुलचा तंबू होताच.

जत्रेत दोत्कुलने कोमुझच्या तारा छेडल्या आणि तिच्याच ओळी झोकात गायल्या. पडदा कच्च्या काळजासारखा तांबडा. लोक कुजबुजले. कान्यशाय खुशीत उठली, गाऊ लागली, आणि पडदा आणखी तांबडा झाला. सूड घोटत बसलेल्या बाईचा राखणदार झोपणार कसा? लोक हसून लोळले.

"ताई," दोत्कुल म्हणाला, "आपण दोघं एकाच माळेचे मणी की."

'आपण दोघं' हे तिला असं झोंबलं, की त्यात घोटून ठेवलेला बेत जळून गेला. समोर नुसता दोत्कुल उरला, टोपीखालून घाम गाळणारा.

"पाहुण्या, कपाळाला पाझर फुटला, आतली विहीर मात्र कोरडी!" तिने सूर लावला. "माझं लोणी खाऊन पोट सुटलं, तरी शब्दांची तुला शिदोरी थोडी!"

पडदा निळाशार झाला. आता जवाब द्यायची पाळी दोत्कुलची. त्याने तारा छेडल्या, घसा खाकरला, पुन्हा छेडल्या. साठवणीतलं सगळं संपलं होतं.

पंचांनी मानाचा झगा तिच्या खांद्यावर घातला, तरी ती थांबली नाही. मेरीमने टोपी काढून घेतली, तरी नाही. दोत्कुल घोड्यावर बसून पळाला, तर ही मागोमाग घोडीवर, गात. त्याच्या जोड्यांवर गायली, जांभयांवर गायली, तो खिंडीत लपला तर लपण्यावर गायली. खिंडीतल्या बर्फालाही हसू आवरेना, म्हणून त्या वर्षी हिमकडा कोसळला म्हणे.

खिंडीपलीकडे मेंढपाळांसमोर दोत्कुलने शेवटी गुडघे टेकले. "त्या ओळी हिच्या होत्या. गेल्या वर्षीच्याही. आता पुरे कर, ताई."

कान्यशायने घोडी थांबवली. नीट ऐकून घेतलं. मेंढपाळांनीही ऐकलं ना, ते विचारून घेतलं. मग कोमुझ मांडीवर घेऊन त्याच्या रडण्यावर कडवं रचायला बसली.