दिल्लीत सब्जा मिळत नाही

आमच्या यांचं दिल्लीशी एकच भांडण आहे: इथे सब्जा मिळत नाही. धूर चालतो, थंडी चालते, रिंग रोडचा ट्रॅफिकही हे शांतपणे सोसतात. पण उन्हाळा आला की लिंबाच्या सरबतात ते काळे, फुगलेले दाणे दिसलेच पाहिजेत, आणि ते दर वर्षी साताऱ्याहून भानुमतीवन्संनी, म्हणजे यांच्या थोरल्या बहिणीनेच, पाठवले पाहिजेत.

यंदा या भांडणाला धार आली. हे, म्हणजे गुणवंत, जूनअखेर रिटायर होणार आणि सरोजिनी नगरचं क्वार्टर सोडावं लागणार. मला नोएडाला जायचं होतं, आमच्या केतकीजवळ. तिच्याच सेक्टरमध्ये एक घर बघूनही ठेवलं होतं. यांना साताऱ्याला जायचं होतं. मी हॉस्पिटल म्हटलं, मेट्रो म्हटलं, पोटची लेक म्हटलं. प्रत्येक वेळी हे चष्मा पुसत म्हणायचे, "जिथे साधा सब्जा मिळत नाही, तिथे म्हातारपण काढायचं?" यावर माणसाने काय बोलायचं, कपाळ.

त्यात वन्संचा गुडघा धरला आणि पार्सल आलं नाही. हे स्वतः मार्केटमधल्या किराण्याच्या दुकानात जाऊन आले. "सब्जा है क्या?" असं यांनी विचारलं, तर दुकानदाराने बाहेरच्या भाजीच्या गाडीकडे बोट दाखवलं. "सब्ज़ी उधर मिलेगी, बाबूजी." घरी येऊन यांनी मला ते इतक्या खुशीत सांगितलं की माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हवी ती वस्तू मिळाली नाही म्हणून खूश होणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.

दुसऱ्या दिवशी मीच गेले. नाव घेतलंच नाही, नुसती पोत्यांवरून नजर फिरवली. डिंकाच्या खड्यांशेजारी एका पोत्यात बारीक काळं बी दिसलं. चिमूटभर जिभेवर ठेवून उभी राहिले. थोड्या वेळात ते बुळबुळीत झालं आणि मी भर दुकानात हसायला लागले.

"ये तुकमलंगा है, आंटीजी," दुकानदार म्हणाला. "शरबत में डालिए, कुल्फी में डालिए. गर्मी में तो सब ले जाते हैं."

म्हणजे इतकी वर्षं आमचा सब्जा दुसऱ्या नावाने इथेच नांदत होता. मी पुडी घेऊन अगदी दिमाखात घरी आले.

सब्जा भिजवला, सरबत केलं आणि काही न बोलता यांच्यापुढे ठेवलं. यांनी एक घोट घेतला. "ताईचं पार्सल आलं वाटतं. बघ, हा गारवा दिल्लीत विकत मिळायचा नाही."

मी पुडी पुढे सरकवली. "मार्केटमधलाच आहे. इथे तुकमलंगा म्हणतात त्याला. आता बोला."

मला वाटलं, चिडतील. पण यांनी ग्लास खाली ठेवला आणि पुडी हातात घेतली.

"मग आता मी कारण काय सांगू?"

"कसलं?"

"साताऱ्याला जायचं." हे हळूहळू बोलत होते. "ऑफिसात मी सर. मार्केटमध्ये बाबूजी. नोएडात केतकीचे पापा होईन. घरी तू अहो म्हणतेस. एवढ्या मोठ्या शहरात मला 'अरे गुण्या' म्हणणारं कुणी नाही, हेमा. तिकडे अजून चारपाच जण आहेत. ते आहेत तोवर जावंसं वाटतं, बस."

मला जिंकल्याची लाज वाटली. एवढं साधं दुखणं, आणि ते सब्ज्याआड लपवून बसला होता हा माणूस. केतकीकडे रोज सकाळी चहाला जायचं मी मनात किती रंगवलं होतं, ते आठवून रडू आलं. पण ते मी गिळलं.

"जाऊ साताऱ्याला," मी म्हणाले.

"आणि केतकी?"

"ती येईल. आपणही येत जाऊ."

सरबत तसंच पडलं होतं. पुढचे शब्द लग्न झाल्यापासून मी कधी उच्चारले नव्हते, त्यामुळे जीभ जरा अडखळली.

"अरे गुण्या, संपव की ते. अजून देते."

यांनी चमकून माझ्याकडे पाहिलं. मग गुण्याने ग्लास एका दमात रिकामा केला आणि माझ्यापुढे धरला.