चंदेरी जोडी आली त्या उन्हाळ्यात

मित्रांनो, पायांना स्की बांधून उंच उतारावरून हवेत झेपावणाऱ्या मुलामुलींना तुम्ही कधीतरी चित्रात पाहिले असेल. त्यांच्या पायांखाली ज्या दोन लांब फळ्या दिसतात, तशीच मी एक जुनी, लाल रंगाची, अंगभर ओरखडे पडलेली जोडी आहे. फळ्या दोन असल्या तरी आम्ही कधी वेगळ्या राहिलो नाही, म्हणून मी स्वतःला 'मी' असेच म्हणते. माझी ही गोष्ट मान ताठ ठेवून सांगण्यासारखी नाही. ती एका हेव्याची गोष्ट आहे.

माझा जन्म एका लहान कारखान्यात झाला. आत हलके लाकूड, त्यावर काचेच्या धाग्यांचे थर, मग गरम दाबाखाली तासन्‌तास पडून राहणे. तळाला सरळ खाचा पाडल्या आणि वर लाल रंग चढला. तिथून मी बेस्किड डोंगरातल्या विस्वा गावी आले, ओतिलिया बुयोक नावाच्या मुलीच्या घरी. तेव्हा ती चौदा वर्षांची होती. तिने माझ्यावरचा कागद फाडला, माझ्या तळावर गाल टेकला आणि म्हणाली, "ए, किती थंडगार आहेस गं तू!" त्या क्षणापासून मी तिची झाले.

तुम्हाला वाटेल, हा खेळ फक्त बर्फावरचा. पण बर्फ काही बारा महिने राहत नाही, आणि उड्या मारणाऱ्यांना घरी बसवत नाही. मे महिना आला की आमच्या उतारावरची हिरव्या प्लास्टिकची चटई उघडी पडते. खराट्याच्या काड्यांसारखे तिचे दाट झुपके असतात आणि त्यांवर सतत पाण्याचे फवारे उडत राहतात. ओली चटई लोण्यासारखी घसरते. कोरडी राहिली तर ती स्कीला धरून ठेवते आणि माणसाला पुढे फेकते. बर्फ माझे अंग कुरवाळतो, प्लास्टिक ते सोलते. म्हणून बहुतेक जण उन्हाळ्यात जुनी जोडी झिजवतात आणि चांगली जोडी हिवाळ्यासाठी ठेवतात. ओतिलियाकडे दुसरी जोडीच नव्हती. ती दोन्ही ऋतूंत माझ्यावरच उडायची आणि प्रत्येक सरावानंतर मला टॉवेलने कोरडे करून तळाला मेण लावायची. तिचे प्रशिक्षक गुस्ताव सर इतर मुलींना म्हणत, "स्की कशी ठेवायची ते ओतीकडून शिका. नाहीतर तुमच्या स्की, जणू कोणी त्यांच्यावर भाजी चिरलीये!"

तीन वर्षे अशी गेली. जिल्ह्याच्या स्पर्धेत ती पहिली आली तेव्हा तिचा फोटो शाळेच्या भिंतीवर लागला. त्यात तिच्या खांद्यावर मी होते. मला वाटले, आता हे असेच चालणार.

पण सतराव्या वर्षी ओतिलिया एकदम चार बोटे वाढली. आमच्या खेळात स्कीची लांबी उंचीच्या मापाने ठरते. उंच मुलीला लांब स्की मिळते आणि लांब स्कीला हवा जास्त उचलते. मे महिन्यातल्या एका दुपारी गाडीतून एक लांबलचक पिशवी उतरली. चेन उघडली आणि आत चंदेरी जोडी होती. नवी, गुळगुळीत, एकही ओरखडा नसलेली. ओतिलियाने तिच्यावर गाल टेकला.

मित्रांनो, माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी भिंतीला टेकून उभी होते आणि ती माझ्याकडे पाठ करून चंदेरीला मेण लावत होती. माझ्याच डब्यातले मेण! त्या आठवड्यात मला तिची मावसबहीण आदेला हिच्याकडे देऊन टाकले. आदेलाही गुस्ताव सरांकडेच शिकायची; पंधरा वर्षांची, अखंड बडबडी, सामान कुठेही फेकणारी. पहिल्याच दिवशी तिने मला ओल्या गवतात टाकले आणि आईने दिलेला प्लमचा केक खात बसली. माझ्यावर केकचे तुकडे सांडले. ओतिलियाने ते पाहिले आणि ती चंदेरी घेऊन वर निघून गेली. तिला आता माझे काय!

आमच्या शेडमध्ये स्की ठेवायची एक लाकडी चौकट होती. तिच्यात चंदेरी आणि मी शेजारीशेजारी उभ्या राहत असू. रोज सकाळी ओतिलिया आली की मला वाटे, आज तिचा हात चुकून तरी माझ्याकडे येईल. तो कधीच आला नाही. चंदेरी उतारावर चुकावी, तिला ओरखडे पडावेत, वाऱ्याने तिला हेलकावे द्यावेत, असे मी रोज मनात म्हणत असे. आणि तसेच होऊ लागले. नवी लांबी ओतिलियाच्या अंगवळणी पडेना. हवेत तिची डावी स्की सारखी खाली झुके. शंभर मीटर सहज गाठणारी मुलगी नव्वदलाच उतरू लागली.

आदेलाचे उलटे झाले. ती हलकी होती, तिला भीती कमी होती, आणि मी तिच्या मापाची होते. जूनमध्ये ती ऐंशीवर होती. जुलैत शेजारच्या श्चिर्क गावच्या स्पर्धेत ती पंचाण्णवला उतरली, तेही एक गुडघा वाकवून, पंचांना आवडते तसे. मला तिच्याविषयी प्रेम नव्हते. ओतिलियाला दाखवून द्यायचे, एवढेच माझ्या मनात होते. बघ, तू कोणाला टाकलेस!

ऑगस्टमध्ये विस्वाला उन्हाळी मोसमाची शेवटची मोठी स्पर्धा होती. हिवाळ्याच्या राष्ट्रीय चमूत मुलींची एकच जागा उरली होती, आणि त्या दिवशीच्या उड्यांवरून ती भरायची होती. आदल्या दिवशीच्या सरावात आदेला एकशे दोन मीटर गेली. ओतिलिया अठ्ठ्याण्णव. खाली गवतावर मुली घाम पुसत बसल्या होत्या. त्यांतली एक हसत म्हणाली, "ओती, तू टाकून दिलेल्या फळ्या तुझ्यापेक्षा लांब जातात की गं! परत मागून घे ना."

"मागू दे, मी नाही देणार!" आदेलाने मला छातीशी कवटाळले. "आता ही माझी आहे. हो की नाही, ओती? तुला तर नवीकोरी मिळालीये."

सगळ्या हसल्या. ओतिलियाही हसली, पण चेहरा पांढराफटक पडला होता. तिला काय होते आहे ते मला चांगले कळले. तीन महिने मला तेच होत होते.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी शेडमध्ये कोणी नव्हते. बाहेर फवाऱ्यांचा आवाज सुरू होता. दार उघडले आणि ओतिलिया आत आली. चंदेरीकडे न बघता ती सरळ माझ्याकडे आली. तिने मला चौकटीतून काढले, मांडीवर आडवे घेतले आणि माझ्या तळावरून हात फिरवला. ओरखडे एकेक करून चाचपले. मित्रांनो, माझा आनंद काय सांगू! आली, अखेर माझ्याकडे परत आली, असे मला झाले.

मग तिने खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढला.

उडणाऱ्याच्या बुटाची टाच एका छोट्या दांडीने स्कीला जोडलेली असते. हवेत स्की पायाखाली सरळ राहते ती या दांडीमुळे. ओतिलियाने माझ्या डाव्या दांडीचा स्क्रू फिरवला. एक वेढा, दोन, तीन, चार. शेवटचा अर्धा वेढा तेवढा ठेवला. वरून पाहणाऱ्याला काही कळले नसते. मला चौकटीत ठेवून ती जवळजवळ पळतच बाहेर गेली.

आता जे सांगते ते सांगायला मला लाज वाटते. मला आधी आदेलाची काळजी वाटली नाही. आधी मनात आले, ती पडेल आणि मी पुन्हा ओतिलियाकडे जाईन. एकशे दोन मीटरच्या वाटेवर, दोन मजली घराइतक्या उंचीवर, एका मुलीच्या पायातून स्की निसटेल, हे मला ठाऊक होते. तरीही मनात आधी तेच आले.

दुपारी आदेला मला घेऊन रोपवेच्या पाळण्यातून वर निघाली. पाळण्यात ती एकटीच होती. खाली बडबड करणारी मुलगी इथे गप्प होती. थोड्या वेळाने ती हळूच माझ्याशी बोलली, "ए लाल, मला भीती वाटतेय गं. कुणाला सांगू नकोस. सगळ्यांना वाटतं मला भीतीच वाटत नाही." तिने मला दोन्ही हातांनी घट्ट धरले. "तू आहेस ना पण. तू सांभाळ मला."

मला ओरडायचे होते. पण आम्हा वस्तूंना आवाज नसतो. तिच्या बोटांखाली मी नुसती पडून राहिले, आणि सकाळच्या माझ्या विचाराने मी मलाच नकोशी झाले.

वर पोचल्यावर तिने बूट अडकवले, दांड्या जोडल्या. डावी दांडी किंचित हलली. घाईत तिला ते जाणवले नाही. ती सरकत सुटण्याच्या जागेवरच्या आडव्या दांड्यावर जाऊन बसली. खाली हिरवी चटई चकाकत होती, तिच्या पायथ्याशी माणसे मुंग्यांएवढी. तिच्यामागे पुढचा क्रमांक ओतिलियाचा होता. ती पायऱ्यांवर चंदेरी खांद्यावर घेऊन उभी होती.

हिरवा दिवा लागला. खाली गुस्ताव सरांनी झेंडा वर धरला. आता दहा सेकंदांत सुटायचे, नाहीतर उडी बाद.

"आदेला!" मागून किंकाळी आली. "सुटू नकोस!"

आदेलाने मान वळवली नाही. "गप्प बस गं! माझी वेळ चाललीये!"

"आदेला, ऊठ! डावा पाय बघ!"

"ओती, कसला रडीचा डाव हा? जाऊ दे मला!"

ओतिलियाने चंदेरी खाली फेकली. ती पायऱ्यांवरून खडखडत कुठच्या कुठे गेली. कठड्यावरून झुकून तिने आदेलाच्या पोशाखाची पाठ मुठीत धरली आणि सोडली नाही. सुटण्याची खूण म्हणून खाली सरांनी झेंडा पाडला. आदेला ओढत होती, शिव्या देत होती, रडत होती. दिवा लाल झाला.

"घालवलीस ना माझी उडी!" आदेला ओरडली. "जळतेस तू माझ्यावर! पहिल्यापासून जळतेस!"

"हो, जळते," ओतिलिया म्हणाली. "म्हणून सकाळी तुझा स्क्रू मी सैल केला. डाव्या दांडीचा. मीच केला, आदेला."

सुरुवातीच्या जागेवरचे पंच पुढे आले. आदेलाला दांड्यावरून उतरवले, आणि त्यांनी माझ्या डाव्या दांडीला बोट लावले. स्क्रू त्यांच्या तळहातावर आला.

त्यानंतरचे सगळे पटापट घडले. ओतिलियाला स्पर्धेतून काढले आणि पुढे वर्षभर खेळायला बंदी घातली. पंचांनी विचार करून आदेलाला सर्वांत शेवटी उडी दिली. गुस्ताव सरांनी स्वतः माझा प्रत्येक स्क्रू आवळला. आदेला उडाली, पण घाबरून तिने झेप उशिरा घेतली. ती एकोणऐंशीवर उतरली. मी जिवापाड प्रयत्न केला, पण घाबरलेल्या पायांखाली स्की तरी काय करणार! ती एक जागा झाकोपानेहून आलेल्या एका शांत मुलीला मिळाली. ओतिलियाच्या आणि माझ्या हेव्याशी तिचा काहीच संबंध नव्हता.

संध्याकाळी ओतिलिया गुस्ताव सरांसमोर उभी राहिली. मी त्यांच्या हातात होते.

"मला हाकलून द्या, सर," ती म्हणाली.

सरांनी माझ्या डाव्या दांडीच्या स्क्रूवर बोट ठेवले. "हाकलणं सोपं आहे," ते म्हणाले. "पण तू आदेलाला थांबवलंस. उशिरा थांबवलंस, पण थांबवलंस. उद्या सकाळी सातला ये. इथे येणाऱ्या प्रत्येक पोराची स्की तू तपासायचीस. प्रत्येक स्क्रू. वर्षभर. तुझ्या सहीशिवाय कोणी वर जाणार नाही."

"कोण विश्वास ठेवेल माझ्यावर?"

"कोणीच नाही. म्हणूनच ये."

ती आली. पहिले काही महिने मुले तिने तपासलेली स्की तिच्यासमोरच पुन्हा तपासत. काही जणांच्या आया येऊन तोंडावर बोलून जात. ती मान खाली घालून स्क्रू आवळत राहिली. आदेला तिच्याशी चकार शब्द बोलत नव्हती. माझे स्क्रू ती स्वतः आवळी, सही सरांकडून घेई आणि मला कोरडीही करी. निष्काळजी मुलगी त्या दिवसापासून बदलली होती.

चंदेरी पायऱ्यांवरून पडली तेव्हा तिचे टोक पिचले. ती चौकटीत माझ्याशेजारीच उभी राहिली. सगळा हिवाळा तिला कोणी हात लावला नाही, तिच्यावर धूळ बसली. मी उन्हाळाभर जिच्यावर जळले, ती इतकी एकाकी होती. तिच्या नवेपणाचे मला आता काही वाटत नव्हते, आणि तिच्या या दशेचा आनंदही होत नव्हता.

पुढच्या मे महिन्यात चटई पुन्हा उघडी पडली. पहिल्या सरावाला मुलांची रांग लागली. आदेलाची पाळी आली. ती नेहमीप्रमाणे बाजूने निघून जाईल असे वाटले. ती थांबली. तिने मला खांद्यावरून काढले आणि ओतिलियासमोरच्या टेबलावर आडवे ठेवले.

"डावीकडे थोडी करकरतेय," ती दुसरीकडे बघत म्हणाली. "बघून दे."

ओतिलियाने डोळे पुसले आणि माझ्यावर वाकली. तिने प्रत्येक स्क्रू दोनदा आवळला. मग मला आदेलाच्या हातात दिले. मला परत ठेवून घ्यावे, असे तिला वाटल्याचे मला दिसले नाही. मलाही ते हवेसे वाटले नाही.

आता माझे थोडेच उन्हाळे उरले आहेत, मित्रांनो. तळ झिजला आहे आणि प्लास्टिक दर उडीला थोडे सोलून नेते. तुमच्याकडे जे जुने असेल ते कोरडे ठेवा, साफ ठेवा. आणि दुसऱ्याचे काही बघून पोटात कळ उठली, तर ती लपवू नका, जवळच्या कोणाला तरी सांगून टाका. मला वाचा नव्हती, म्हणून मी गप्प राहिले. तुम्हाला वाचा आहे. दिवा हिरवा व्हायच्या आधीच हाक मारा.