थंड पारडं

मी बाळांचं वजन करणारा काटा बोलतोय. माझं पारडं पत्र्याचं, बारा महिने थंडगार. म्हणून जुन्या प्रसूतिगृहातल्या सुईणबाई बाळ ठेवण्याआधी माझ्यावर आपला तळहात टेकवून मला ऊब द्यायच्या. हात उचलला, सुई शून्यावर आली, की मग बाळ.

तेव्हा मला उसंत नसे. एक उचललं की दुसरं हजर. पुढे दिवसाला एक, मग आठवड्याला एक. शेवटी सुईणबाई नुसतीच माझी धूळ पुसायच्या.

एकदा डॉक्टर म्हणाले, "बाई, वॉर्ड बंद होतोय. परदेशात एकेका खाटेवर दोन-दोन बाळंतिणी आहेत. काटा तिकडे पाठवू."

"वर्षभर थांबा, डॉक्टर. माझ्या लेकीचं बाळ यात ठेवायचंय."

डॉक्टर थांबले. वर्ष सरत आलं आणि लेक एकटीच आली.

"आई, किती वाट बघशील? दोघं राबतो तेव्हा एक खोली मिळते. मूल ठेवू कुठे, माळ्यावर?"

"अगं, आम्ही आठ भावंडं एकाच खोलीत वाढलो!"

"झालात आठ. वाढलात तिघंच."

मुलं जगतील याचा भरवसा नव्हता, म्हणून सुईणबाईंची आई बाळंत होत राहिली होती. भरवसा आला तशी लोकांना दोन पुरे झाली. आता एकालाही जागा नव्हती.

मला न्यायला माणसं आली, त्या सकाळी सुईणबाईंनी सवयीने माझ्यावर तळहात ठेवला. बराच वेळ. मी तापलो. ठेवायला कुणी नव्हतं.

इथे, या दुसऱ्या देशात, रांग दाराबाहेर जाते. नर्सला पाणी प्यायला फुरसत नाही, ती ऊब कुठली देणार? परवा एक आई पाचवं मूल घेऊन आली.

"आधीच्या चारांतली तीन गेली, ताई. हा राहील ना?"

थंड पत्र्याने पोर दचकलं. रडण्याइतकंही बळ नव्हतं त्याच्यात. माझी सुई दीड किलोवर थांबली.

आज ती रिकाम्या हातांनी घरी निघाली. दारात थबकून म्हणाली, "पुढच्या वर्षी येते, ताई."

माझं एवढंच मागणं आहे. ती आली, तर बाळ ठेवण्याआधी कुणीतरी माझ्यावर तळहात टेकवा. ते जगेल असं मी म्हणत नाही. दचकणार तरी नाही.