पिठावर पाऊल नव्हतं

माझी बायको गिरजा सपरीतच, घराच्या ओसरीवरच गेली. मलेरिया डोक्यात चढला होता. अहेरीला न्यायला जीप येईपर्यंत ती राहिली नाही.

आमच्याकडे माणूस गेला की त्या जागेवर तांदळाचं पीठ पसरतात, वर टोपली तिरपी टेकवून ठेवतात. सकाळी पिठावर ज्याचं पाऊल दिसेल, त्याच्या जन्माला माणूस गेला असं मानतात. चिमणी, मांजर, काहीही.

माझी मोठी बहीण मीराबाईनं वाकून पाहिलं. पीठ कोरं होतं. पण टोपलीखालच्या फटीत एक गोल जाळं होतं, तळहाताएवढं.

"कोळीण झाली," ती म्हणाली. "जिंदगीभर जाळे झाडले, आता स्वतःच विणून राह्यली."

बायका रडता रडता हसल्या. मीही हसलो. टोपली मात्र मी कोणाला हलवू दिली नाही.

गिरजाचा धाकटा भाऊ सुरेंद्र ब्रह्मपुरीच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवतो. त्यानं जाळ्याला नाक लावून पाहिलं. मधोमध कचऱ्याची उभी रेघ होती.

"भाऊजी, हे खाल्लेल्या किड्यांचं उष्टं आहे. ते टांगून ठेवते अन् त्यातच पाय आवळून बसते. पाखराले वाटते, कचराच आहे."

"नाव का इचं?"

"हे पूर्ण कूळच असं आहे. त्यात लई जाती. कोणती ते मारून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्याबिगर सांगता येत नाई."

"मंग राहू दे."

त्यानं हात मागं घेतला. बहीण त्याचीच होती.

मी रोज चहा घेऊन तिथं बसू लागलो. मग एका सकाळी फवारणीवाले आले. घरात मलेरियाचं मरण झालं होतं, येणारच होते. माझ्या मुलानं, बिरजूनं, भांडी, धान्य, अंथरुणं अंगणात काढली.

"सपरी सोडा," मी म्हणालो.

"भाऊ, तिथंच त मच्छर बसते," पंपवाला म्हणाला. "अर्ध्या घराले औषध मारून का फायदा?"

बिरजू जवळ आला. त्याच्या खांद्यावर त्याची लेक आचल होती, अजून चालतही नव्हती. कालपासून तिचं अंग गरम होतं.

"थांबा जरा. एक जीव बाहेर ठेवतो."

पळसाचं पान घेऊन मी वाकलो. रेघेत उष्टं कोणतं आणि ती कोणती, कळेना. सगळं एकाच रंगाचं. फुंकर मारली, काही हललं नाही. पानाची कड लावली तर जाळं फाटून बोटाला चिकटलं, आणि काहीतरी खाली पिठात पडलं. तीच होती की कचरा, ते दिसलं नाही. पिठात आता धूळ मिसळली होती. मी बोटानं चाळत राहिलो.

"का हरवलं, भाऊ?"

पंपवाला मागून वाकून पाहत होता.

"बाबा," बिरजू म्हणाला, "उठा."

मी उठलो. "मारा," म्हणालो.

औषधाचा वास घराबाहेर आला. पंपवाल्यानं दारावर खडूनं तारीख लिहिली.

"आता भिंती लिंपू नका, औषध दबते," तो मला म्हणाला. "घरच्या बाईले सांगून ठेवा."

मी बरं म्हणालो.