इटलीत शोभेल असा कोट

नानासो सरांच्या मते कुठल्याही देशाचा माणूस कपड्यांवरून ओळखता येतो. जर्मन माणूस लग्नालासुद्धा पावसाळी जाकीट घालून जाईल. इंग्रज चपलांत मोजे घालील. अमेरिकन विमानात हाफ पँटीवर झोपेल. इटलीत मात्र भाजी आणायला निघालेला माणूसही कोट चढवतो, त्यामुळे तिथे अजागळ दिसलात की स्टेशनाबाहेरच पोलीस कागद मागतात.

हे सगळं ते आमच्या दुकानात, कापड बेतायच्या टेबलाला टेकून सांगत. सांगलीत गणपती पेठेच्या मागच्या गल्लीत अब्बांचं शिवणकामाचं दुकान आहे. सर पोरांना इटलीत कामाला पाठवतात. जाणाऱ्या प्रत्येकाला ते उंटाच्या रंगाचा लोकरी कोट देतात आणि तो त्याच्या अंगाबरोबर करायचं काम आमच्याकडे येतं. या वेळच्या कोटांपैकी एक माझ्या भावासाठी होता. अमीर शुक्रवारी निघणार होता.

मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलंय. सकाळी कॉलेजात प्रात्यक्षिकं घेते, दुपारी दुकानात बसते. एवढं ठरवायला तुम्ही माणसं किती बघितलीत, असं मी सरांना एकदा विचारलं होतं. ते हसून म्हणाले, शास्त्रवाले मोजत बसतात, आम्ही नुसतं बघतो.

अमीरला सरांचं म्हणणं पूर्ण पटलं होतं. तो म्हणायचा, साताऱ्याचा रिटायर सुभेदार दूध आणायलाही कडक इस्त्रीत जातो की नाही? मग अख्खा देश तसा का नसेल? त्याचं पॅकिंग झालं होतं. अम्मीने तिखटमिठाच्या पुऱ्यासुद्धा करून ठेवल्या होत्या.

मंगळवारी मी त्याचा कोट घेतला. खांदे रुंद होते म्हणून उजवीकडचं अस्तर उसवलं, तर आत दोन पॅड निघाले. कंपनीचा एक, आणि त्याच्याखाली शाळेच्या गणवेशाच्या हिरव्या कापडाचा दुसरा, हाताने टाचलेला. तो मीच घातला होता.

गेल्या वर्षी, दहिवडीच्या वीरधवलसाठी. सैन्यभरतीत तो खांद्यामुळे नापास झाला होता. त्याचा उजवा खांदा उतरता होता, आणि सर म्हणाले होते, इटलीत वाकडा कोट चालत नाही. ट्रायलला वीरधवल आरशासमोर बराच वेळ उभा राहिला. आईने बघितलं तर ओळखणार नाही, म्हणाला. त्याची आई दहिवडी स्टँडसमोर भज्यांची गाडी लावते.

कोट इथे असेल, तर वीरधवल काय घालून हिंडतोय? याला साधं उत्तर असू शकतं, असं मी स्वतःला सांगितलं आणि राहिलेलं अस्तरही उसवलं. छातीच्या थोडं खाली, आतल्या कापडावर पांढुरकी रेघ होती. घामाचे डाग काखेत आणि पाठीवर येतात, त्यांना कडा नसते. ही रेघ मात्र पट्टीने ओढल्यासारखी सरळ, कोटाभोवती गोल फिरलेली होती. कोट ड्रायक्लीन केलेला होता, पण त्या द्रावणात मीठ विरघळत नाही. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत मी त्या रेघेतले चार धागे पाण्यात भिजवले आणि त्यात सिल्व्हर नायट्रेट टाकलं. पाणी दह्यासारखं फुटलं. मीठ घामातही असतं, तेव्हा यातून काही सिद्ध होत नव्हतं. पण कोट घालून कुणीतरी छातीपर्यंत समुद्राच्या खाऱ्या पाण्यात उभं होतं, याखेरीज त्या रेघेचं दुसरं कारण मला सुचेना.

तिथूनच मी विट्यामार्गे दहिवडीची एसटी धरली.

वीरधवलच्या आईने, मनुबाईंनी, मला भजी खायला लावली. आधी पैसे घेईनात. वीरधवल फोन करत नाही, त्याचे मेसेज येतात, म्हणाल्या, आणि शेजारचा केरबा ते वाचून दाखवतो. तिकडे बोलायला बंदी असेल, असं त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं होतं. मी कोटाचं विचारलं तसा त्यांचा चेहरा खुलला.

"आवं, रोज त्योच घालतोय म्हनं कामावर. लय थंडी हाय तकडं. तुमीच शिवला व्हय? लय चांगलं केलंसा."

मी हो म्हणाले.

परतताना मी मोबाईलवर इटलीतल्या एका स्टेशनसमोरचा चौक पाहिला. तिथे कॅमेरा लावलेला आहे, कुणालाही बघता येतो. येणारी जाणारी माणसं मी विटा येईपर्यंत बघत बसले. काळी फुगीर जाकिटं, पाठीवर सॅक, मळके बूट. चुरगळलेल्या पँटीही होत्या. आपल्या स्वारगेटला दिसतात तशीच माणसं, फक्त थंडीतली. उंटाच्या रंगाचा कोट एकही नव्हता. त्या गर्दीत तो कोट घालून कुणी उतरलाच, तर चौकाच्या दुसऱ्या टोकावरूनही दिसेल. कोट पोरांना लपवत नव्हता. त्यांना कधीही न पाहिलेल्या कुणालातरी तो त्यांची ओळख पटवून देत होता. काम झालं की तो परत येत होता, पुढच्या अंगासाठी.

घरी आल्यावर मी अब्बांना आणि अमीरला सगळं सांगितलं. अब्बांनी हिरवा पॅड हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवायला सांगितला. अमीर चिडला. एका रेघेवरून माझं आयुष्य ठरवू नकोस, म्हणाला. सरांना समोरासमोर विचारायचं, एवढंच त्याने कबूल केलं.

गुरुवारी दुपारी सर ट्रायलला आले. अस्तर परत शिवलेला कोट अमीरने घातला. खरं सांगायचं तर तो त्याला शोभत होता. सरांनी मागून कॉलर सारखी केली आणि मोबाईलवर त्याचे फोटो काढले, समोरून आणि बाजूने.

"सर, हा वीरधवलचा कोट आहे," मी म्हणाले.

"कोट आमचे असतात," सर शांतपणे म्हणाले. "पोरगं पोचलं की कोट परत. तिकडं गेल्यावर ती आपापले घेतात."

"पण तो आईला लिहितो, रोज हाच घालतो म्हणून."

सरांनी मोबाईल खिशात ठेवला. आरशातून माझ्याकडे बघत त्यांनी विचारलं,

"मनुबाई बऱ्या आहेत ना?"

मी दहिवडीला गेल्याचं सरांना कुणीच सांगितलं नव्हतं. अमीरच्या ते लक्षात आलं. त्याने एकेक बटण काढलं, कोट उतरवला आणि टेबलावर ठेवला.

"मी नाही येत, सर."

सर चिडले नाहीत. अमीरने भरलेल्या पैशांबद्दलही बोलले नाहीत. त्यांनी बाह्या आत दुमडून कोटाची दुकानदारासारखी नीट घडी घातली आणि म्हणाले, याच मापाचा खंडाळ्याचा एक मुलगा आहे, त्याला फिटिंगचीही गरज पडणार नाही. दारात थांबून त्यांनी गल्ली दोन्ही बाजूंना पाहिली. मग अब्बांना म्हणाले, मुलगी हुशार आहे, एवढ्या लांब एकटीला पाठवत जाऊ नका.

अब्बांनी टोपी घातली. पोलीस चौकीत जाऊ, म्हणाले. मी कपाटातून पिशवी काढत होते तेव्हा मोबाईल वाजला. मनुबाई होत्या. मी दहिवडीहून निघताना त्यांनी केरबाला माझा नंबर लिहून घ्यायला लावला होता.

त्यांचा आवाज आनंदात होता. वीरधवलचा आत्ताच मेसेज आलाय, म्हणाल्या. जुना कोट रेल्वेत चोरीला गेला, पण काळजी करू नको, नवा घेतलाय, असं त्याने लिहिलंय. आपुन कोटाचं बोललो काल, म्या त्याला कळवलं बी न्हाय, आन् आज त्याचंच आलं बघा. लेकराला कळतं आईच्या मनातलं.

मी अमीरकडे पाहिलं. फोन स्पीकरवर होता. तो खुर्चीवर बसला.

"आन् तुमाला सलाम सांगितलाय," मनुबाई म्हणाल्या. "म्हनतोय, कोट शिवनारी पोरगी तुज्याकडं आली हुती न्हवं, तिला म्हनावं, आता जपून ऱ्हा."