कवडसा हलतोय का?

मित्रांनो, जवळ येण्याआधी खिशातल्या किल्ल्या बाहेर ठेवा बरं. केसांतल्या पिना, पट्ट्याचं बक्कल, तेही. रागावू नका. मी एक जुनी चुंबकसूची आहे, आणि लोखंड जवळ आलं की मला दुसरं काही सुचत नाही.

एका कारागिरानं पोलादाच्या पातळ पट्टीतून मला घडवलं, चुंबकत्व दिलं आणि केसाहून बारीक धाग्याला टांगलं. माझ्या पाठीवर नखाएवढा आरसा चिकटवला. वेधशाळेच्या आवारात माझ्यासाठी वेगळी खोली होती. तिला खिडकी नव्हती, दारात फक्त एक छोटी काच. दाराच्या बिजागऱ्या पितळेच्या, खिळे तांब्याचे. दिव्याचा झोत भिंगातून माझ्या आरशावर पडे आणि समोरच्या आकड्यांच्या पट्टीवर त्याचा कवडसा उमटे. मी कणभर वळले, तरी कवडसा बोटभर सरके.

माझं काम सूर्याची खबर देण्याचं. सूर्यावर मोठा स्फोट झाला की कणांचा लोंढा सुटतो. तो एक-दोन दिवसांनी इथवर पोचला, की पृथ्वीचं चुंबकत्व डळमळतं आणि मी थरथरू लागते. अशा वेळी विजेच्या लांबलचक तारांत नको तो प्रवाह शिरतो, वीजकेंद्रातली मोठी यंत्रं जळू शकतात. म्हणून मी थरथरले की तिकडे फोन जायचा. सूर्याची एवढी काळजी वाहिली, पण सूर्य मी एकदाही पाहिलेला नाही.

माझ्यापाशी कुणी रेंगाळत नसे. भिंग पुसायचं, आकडा टिपायचा, निघायचं. लोखंडाच्या भीतीनं माणसंही दूर राहिली.

मग निरीक्षकबाई आल्या. त्यांचं बाळ तान्हं होतं. सासूबाईंकडे त्याला सोपवून त्या धावतपळत यायच्या. एकदा भिंग पुसायला आत शिरल्या आणि माझा कवडसा टुणकन पट्टीच्या टोकाला गेला. त्या तशाच पळाल्या, वीजकेंद्राला फोन लावला. तिकडे धावपळ उडाली, अर्ध्या गावाची वीज बंद झाली. वादळ काही आलं नाही. बाळाच्या लंगोटाची पिन बाईंच्या खांद्यावर पदराला लावलेली होती, तिलाच मी सलाम केला होता!

तेव्हापासून त्या ‘पिनबाई’ झाल्या. वेधशाळेचे साहेब म्हणाले, “बाई, पुन्हा असा फोन गेला तर सूचीचं काम दुसऱ्याला देईन. घरी बाळ, इथं सूची, दोन्ही जमत नसेल तर तसं सांगा.”

त्यानंतर बाई दाराशी उभ्या राहून स्वतःला आधी केसांपासून चपलांपर्यंत चाचपायच्या, मग आत यायच्या.

आणि एका दुपारी मी खरंच थरथरले. कवडसा पुढे-मागे हेलकावत होता. बाई दारातच थबकल्या. केस मोकळे केले, झटकले. खांदे चाचपले. चपला बाहेर भिरकावल्या. कवडसा थांबेना. त्या फोनकडे वळल्या आणि अर्ध्यातून मागे फिरल्या.

मग त्यांनी रखवालदारकाकांना हाक मारली. किल्ल्यांचा जुडगा फाटकाशी ठेवायला लावला आणि दाराच्या काचेपाशी उभं केलं. स्वतः आवाराच्या टोकाला गेल्या.

“काका, हलतोय का?”

“हलतोय!”

त्या फाटकाबाहेर रस्त्यावर गेल्या. “आणि आता?”

“अहो ताई, तुम्ही परगावी गेलात तरी हलेल हा! फोन करा की!”

बाई धावत फोनपाशी आल्या. पलीकडून वीजकेंद्राचा माणूस हसून म्हणाला, “काय पिनबाई, आज सगळं काढून ठेवलंत ना?”

“ठेवलं. मीसुद्धा बाहेर गेले होते. खोलीत कुणी नाहीये, तरी ती थरथरतेय. तारांवरचा भार कमी करा, आत्ताच्या आत्ता.”

त्यांनी केला. संध्याकाळपर्यंत मी वेड्यासारखी डोलत होते. शेजारच्या गावात हा इशारा कुणी ऐकला नव्हता, तिथलं यंत्र जळालं आणि गाव अंधारात बसलं. आमच्याकडचे दिवे लागले. साहेब खोलीपर्यंत आले, काचेतून कवडसा पाहिला आणि म्हणाले, “बाई, सूची तुमच्याकडेच राहू द्या.”

पुढे नवं यंत्र आलं. ते स्वतःच मोजतं, स्वतःच कळवतं. मला व्हरांड्यातल्या काचेच्या पेटीत ठेवलं, आणि पेटीशेजारी लोखंडी कपाट! आता मी दिवसभर त्या कपाटाकडेच तोंड करून असते. बघणारे म्हणतात, “बिघडलीय वाटतं.” सूर्यावर काय चाललंय, मला काही कळत नाही.

परवा बाई आल्या होत्या, केस पांढरे झालेल्या. सोबत लेक, तीच लंगोटवाली. पेटीजवळ येण्याआधी बाईंनी पिशवीतून किल्ल्या काढल्या आणि लांब खिडकीत ठेवल्या.

“आई, आता कशाला?”

“असू दे गं. तिला त्रास होतो.”

मित्रांनो, माझं एक मागणं आहे. तुमच्या आसपास कुणी थरथरताना दिसलं, तर लगेच हसू नका. आपल्या खांद्याला पिन नाही ना, तेवढं आधी पाहा. आणि जमलं तर माझ्याजवळचं हे कपाट जरा सरकवा.