राखेच्या तळ्याशेजारचं पेव

मित्रांनो, मी एक जुनं पेव आहे, कृष्णाकाठी सांगलीजवळ जमिनीत खणलेलं. तोंड अरुंद, पोट ऐसपैस. आत पाचट अंथरून हळद भरायची, वर फरशी ठेवून माती लिंपायची. मग भाव येईपर्यंत मला कुणी हात लावायचा नाही, कारण एकदा उघडलं की सगळा माल विकावाच लागतो. इतकी वर्षं हळद राखली, पण कधी भुंगा लागू दिला नाही. आहे मला अभिमान, का नसावा?

माझी मालकीण पद्मावती. नवऱ्याच्या मागे तिनं आणि दीर रायगोंडानं शेती सांभाळली.

चौऱ्याहत्तर साली विजेची फार ओढाताण होती. विहिरीवरच्या मोटारी बंद, पिकं माना टाकू लागलेली. तेव्हा कोळशावरचं वीजघर काढायचं ठरलं. मिरजेचा इंजिनिअर अजितकुमार तीस वर्षांचा आराखडा घेऊन आला. त्यात कोळसा, यंत्रं, पगार, सगळं धरलं होतं. जळलेल्या कोळशाची राख पाण्यातून सोडायचं तळं मात्र आमच्या शेजारच्या पडीक रानात, फुकट! चाचणीसाठी तळं खणून साधं पाणी भरलंही. ओल पेवांपर्यंत पोचणार नाही, असं तो मनापासून सांगत होता.

वीज पद्मावतीलाही हवीच होती. पण तिच्या मनाला ते पटेना. तिनं मला उघडायचं ठरवलं. रायगोंडा चिडला. दिवाळीला भाव चढणार, आत्ता उघडलं तर वर्षाची मेहनत मातीमोल होईल, असं त्याचं म्हणणं.

"झाकल्यानं नुकसान टळत न्हाई भावजी," ती म्हणाली. "काय हाय ते आजच बघू."

फरशी सरकली. आधी कंदील सोडला, कारण पेवातल्या कोंदट हवेत तो विझला तर माणूस उतरत नाही. कंदील टिकला. रायगोंडा उतरला. तळची हळद काळी पडली होती, माझ्या अंगातून पाणी पाझरत होतं. मित्रांनो, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

अजितकुमारही उतरला. वर आला तो मान खाली घालूनच. काकू, या नासलेल्या हळदीचा खर्च आराखड्यात धरतो, म्हणाला.

"माझ्या एकटीचा नगं," पद्मावती म्हणाली. "समद्या पेवांचा धर, हिरींचा धर, तीस वर्सांचा धर."

त्यानं तसा धरला. फुकटचं रान सगळ्यात महाग निघालं आणि वीजघराची जागा बदलली. पद्मावतीनं उरलेली हळद पडत्या भावात विकली.

शेजारची पेवं आज कोरडी आहेत. मी तळ्याच्या अगदी लगत, माझी ओल काही गेली नाही. रायगोंडा मला बुजवायला आला, तेव्हा पद्मावतीनं त्याला अडवलं.

"ऱ्हाऊ द्या. पुढचा सायब आला तर दावायला लागंल."

म्हणून मी इथं उघडं आहे. मित्रांनो, दिवे जरूर लावा. पण कुणी नवा आराखडा घेऊन आलं, तर आधी त्याला कंदील देऊन माझ्यात उतरवा.